मोडेन पण वाकणार नाही!

‘मोडेन पण वाकणार नाही’ हे वाक्य आपल्याकडे बाणेदार माणसाच्या तोंडी शोभते. निबंधांतून आणि भाषणांतून आपण ते इतक्या वेळा ऐकलेले असते की, वाकणे म्हणजे हार आणि मोडणे म्हणजे मान, असे आपण धरूनच चालतो. मराठीचा अध्यापक या नात्याने या वाक्याचा अर्थ मी वर्गात कित्येकदा सांगितला आहे. परंतु त्याचा शब्दशः अर्थ प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायला मिळाला तो मात्र सायकलच्या एका चाकात!

ही सायकल म्हणजे दूधवाल्याची किंवा पोस्टमनची काळी, धीमी सायकल नव्हे. दगडधोंड्यांतून, झाडांच्या मुळांवरून, ओढ्यानाल्यांतून डोंगर उतरणारी ही सायकल आहे. इंग्रजी नावानेच ती आपल्याकडे ओळखली जाते: माउंटन बाइक. पुण्या-मुंबईची तरुण मंडळी रविवारी सह्याद्रीच्या वाटांवर ती घेऊन जाताना दिसतात. या सायकलला आता धातूऐवजी कार्बनच्या धाग्यांची आणि राळेची चाके मिळू लागली आहेत. दोन पदार्थ एकत्र आणून तिसराच गुणी पदार्थ करायचा, म्हणून त्याला ‘कॉम्पोझिट’ किंवा संमिश्र पदार्थ म्हणतात. नामांकित कंपनीच्या जोडीला लाखाहून अधिक रुपये पडतात. एवढे पैसे मोजताना मध्यमवर्गीय माणूस एकच प्रश्न विचारणार: “टिकते का हो?”

मी स्वतः अजून सायकलवरूनच कॉलेजात जातो आणि सायकलविषयी हाती येईल ते वाचत असतो, म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंतही येतो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. टिकते; पण आपल्याला सवय असलेल्या रीतीने टिकत नाही. ती रीत समजून घेतली नाही, तर पैसा जातोच, आणि प्रसंगी दातही जातात.

वंगण जाळणारा उतार

या सायकलचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या मरिन परगण्यात झाला. तेथे माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या काळात तेथील काही तरुणांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाडजूड टायरांच्या जुन्या सायकली भंगारातून उचलल्या आणि त्या डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर पहिली शर्यत लावली. सुमारे साडेतीन किलोमीटरांत हा रस्ता चारशे मीटर खाली येतो. मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक उतरताना इतका तापे की, आतले वंगण जळून धूर निघे. खाली पोहोचल्यावर हब उघडून त्यात पुन्हा वंगण भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरून त्या उताराचे नावच ‘रीपॅक’ पडले.

गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ, टॉम रिची ही या मंडळींतली पुढे गाजलेली नावे. ब्रीझने १९७७ मध्ये मुद्दाम या कामासाठी नवी चौकट घडवली. १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टंपजंपर’ बाजारात आली आणि ही सायकल मूठभर वेड्यांची न राहता सर्वांची झाली. जुन्या जड पोलादी रिमा गेल्या, अॅल्युमिनियमच्या हलक्या रिमा आल्या. चाकावरचा मार मात्र तसाच राहिला; उलट माणसे धीट झाली तसा तो वाढला.

चाक उभे कसे राहते?

कार्बनच्या चाकाचे गुणदोष कळायला आधी साधे चाक काय करते हे पाहिले पाहिजे. आपल्या बैलगाडीचे चाक आठवा. मध्ये तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठ्यांचा घेर आणि सर्वांवर लोखंडी धाव. ही धाव गोवऱ्यांच्या आगीत तापवून चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. निवताना ती आकसते आणि सारे लाकूड मुठीत धरल्यासारखे आवळते. गाडीचा भार खालच्या आऱ्यांवर पडतो; ते खांबासारखे दाब सोसतात. म्हणूनच ते बाभळीसारख्या चिवट लाकडाचे आणि मनगटाएवढे जाड असतात.

सायकलच्या चाकात खांबांच्या जागी तारा आल्या. ही कल्पना इंग्लंडातील सर जॉर्ज केली यांनी १८०८ सालीच विमानाच्या चाकासाठी मांडून ठेवली होती. विमान उडायला अजून जवळजवळ शंभर वर्षे होती! पुढे १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली यांनी तारा हबला तिरप्या बसवण्याची पद्धत रूढ केली आणि ती आजतागायत चालू आहे. आता तार दाब कशी सोसणार? दोन्ही टोके धरून दाबली तर ती वाकते. म्हणून ती आधीच ताणून ठेवायची. ठीक जोडलेल्या चाकात एकेका तारेवर शंभर किलोच्या आसपास ताण असतो. चाकावर माणूस बसला की, जमिनीकडच्या दोन-चार तारांचा ताण थोडा कमी होतो. बाकीच्यांत फारसा फरक पडत नाही. ताण कमी होणे म्हणजेच दाब सोसणे. जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्याने १९८१ साली सायकलच्या चाकावरच एक पुस्तक लिहून हे दाखवून दिले.

म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक तार एकदा ढिली होते, एकदा ताणली जाते. माउंटन बाइकचे मोठे चाक एका फेरीत सुमारे २·३ मीटर जाते. वर्षाला दोन हजार किलोमीटर हिंडणाऱ्या माणसाच्या चाकातली तार साडेआठ लाखांहून अधिक वेळा ढिली-ताठ होते. खिळा एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवला की तुटतो, तसेच येथे घडते. धातू थकतो. तार एका धक्क्याने क्वचितच तुटते. बहुधा ती थकून तुटते. अॅल्युमिनियमच्या रिमेलाही हा थकवा येतो. शिवाय दगडावर आपटली की तिच्या कडेला पोचा पडतो.

पण पोचा पडणे हा तिचा गुणही आहे, हे लक्षात ठेवावे. पोचा दिसतो. चाक डुगडुगते, ब्रेकला घासते, आवाज करते. आपण ते सायकलच्या दुकानात नेतो, “आउट झालंय” म्हणतो आणि मिस्त्री निपल पिळून त्याचा आउट काढून देतो. अॅल्युमिनियम वाकते आणि वाकून सांगते.

सात सहस्रांशाचा धागा

आता कार्बनकडे वळू. हिवाळी स्वेटरची लोकर पुष्कळदा अॅक्रिलिकची असते. तिच्याच जातीचा धागा आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजायचा आणि मग हवा वगळून हजार अंशांच्या वर तापवायचा. बाकीचे सारे उडून जाते, कार्बन उरतो. अमेरिकेत रॉजर बेकन यांनी १९५८ मध्ये आणि जपानात ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी त्यानंतर लवकरच या धाग्यांच्या शास्त्राचा पाया घातला. एकेका धाग्याची जाडी सुमारे सात सहस्रांश मिलिमीटर. आपला केस याच्या दहापट जाड म्हणावा.

हा धागा ओढीला पोलादाला मागे टाकतो. पण एकटा धागा म्हणजे शेवटी धागाच, तो उभा राहत नाही. म्हणून त्याला इपॉक्सी नावाच्या राळेत बसवतात. भिंत लिंपताना मातीत भुसा घालतात ना? माती एकटी भेगाळते, भुसा एकटा उडून जातो, दोघे मिळून भिंत धरतात. निसर्गातले लाकूडही असेच, चिवट तंतू आणि त्यांना जोडणारा चिकट पदार्थ यांचे बनलेले असते. त्या अर्थी आपल्या आजोबांच्या बैलगाडीचे चाक हेही संमिश्र चाकच होते!

लाकूड धाग्याच्या दिशेने सहज फुटते आणि आडवे तोडताना घाम काढते. कार्बनचेही तसेच. म्हणून रिम बनवताना राळ लावलेल्या पातळ पट्ट्या काही उभ्या, काही आडव्या, काही तिरप्या अशा थरावर थर रचतात आणि साच्यात दाबून, तापवून एकजीव करतात. कोणत्या जागी कोणता थर कोणत्या दिशेने घालायचा, यातच कारखान्याची खरी विद्या आहे. थरांमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, तर पुढची चीर तेथूनच सुरू होते.

या खटाटोपाचे फळ मोठे आहे. पाण्याच्या मानाने पोलाद ७·८ पट जड, अॅल्युमिनियम २·७ पट, तर हा पदार्थ केवळ १·६ पट. ताठपणा मात्र असा की भार एका-दोन तारांवर न पडता अधिक तारांत वाटला जातो. त्यामुळे तारा कमी थकतात आणि चाक महिनोन्महिने आउट होत नाही. रोजच्या फेऱ्यांच्या थकव्याला तर हा पदार्थ अॅल्युमिनियमपेक्षा पुष्कळच चांगला पुरून उरतो. लाखो फेऱ्यांच्या हिशेबाने पाहिले, तर कार्बनचे चाक खचित टिकाऊ आहे.

संमिश्र चाकांचे प्रयोग यापूर्वीही झाले होते. १९७० नंतर लहान मुलांच्या धाडसी सायकलींसाठी कॅलिफोर्नियातल्या ‘स्कायवे’ कंपनीने काचतंतू घातलेल्या नायलॉनची ओतीव चाके काढली. ती जड होती, पण आउट होण्याचा प्रश्नच नव्हता. १९९० च्या सुमारास जॉन टोमॅक हा नामवंत शर्यतपटू मागच्या चाकाला तारांऐवजी केव्हलार धाग्यांची ताणलेली तबकडी लावून धावे. तिच्यावर खडे उडाले की ढोलासारखा आवाज होई.

कोंबडीने दिलेला धडा

मग घोडे अडते कुठे? ते सांगण्यासाठी क्षणभर विमानाकडे जावे लागेल, कारण या पदार्थाचा स्वभाव जगाला पहिल्यांदा तेथे कळला. १९६० नंतर इंग्लंडातल्या रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या नव्या आरबी-२११ या इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बनच्या संमिश्राची करायची ठरवली. पाती हलकी झाली, ताकदीच्या कसोट्या उतरली. पण विमानाच्या इंजिनात पक्षी शिरण्याचा धोका असतो. म्हणून १९७० मध्ये फिरत्या पंख्यावर मेलेली कोंबडी फेकून परीक्षा घेतली, तेव्हा त्या पात्यांचे तुकडे झाले. टायटॅनियमची पाती घ्यावी लागली, खर्च हाताबाहेर गेला आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये एवढी मातब्बर कंपनी दिवाळखोरीत निघाली. दिवाळे निघण्याची कारणे इतरही होती. परंतु पदार्थविज्ञानाचा धडा स्वच्छ होता. ओढीला बलवान असलेला पदार्थ आडव्या आघाताला तितकाच बलवान असेल असे नाही.

धडा कारखानदार विसरले नाहीत. १९९५ साली सेवेत आलेल्या जीई-९० या इंजिनात पुन्हा संमिश्र पाती आली, पण त्यांच्या पुढच्या कडेला टायटॅनियमचे कवच होते.

सायकलच्या चाकाला कोंबडी नव्हे, दगड भेटतो. माउंटन बाइकच्या टायरात हवा कमी ठेवतात, वीस ते तीस पौंडांच्या दरम्यान. तेव्हाच टायर जमिनीला धरतो. उतारावर वेगात असताना टोकदार दगड आला की टायर पुरता दबतो आणि रिमेची कड थेट दगडावर आदळते. अॅल्युमिनियम येथे वाकून ती शक्ती गिळते. कार्बनला वाकून तसेच राहणे ठाऊक नाही. तो लवतो आणि परत सरळ होतो; मर्यादेपर्यंत जणू काही घडलेच नाही. मर्यादा ओलांडली की तडकतो. आणि याहून अवघड अशी मधली एक अवस्था आहे. वरून रिम शाबूत दिसते, पण आतले थर एकमेकांपासून सुटलेले असतात. पोचा नाही, डुगडुग नाही, आवाज नाही. चाक पुढच्या आघाताची वाट पाहत फिरत राहते. तो आघात पुढच्या चाकावर, ऐन उतारावर झाला, तर सांभाळायला वेळच मिळत नाही.

म्हणून कारखान्यांनी रिमेच्या कडा पूर्वीपेक्षा रुंद आणि बोथट केल्या. टायरच्या आत फेसाची गादी घालण्याची पद्धत आली. २०१९ मध्ये ‘झिप’ कंपनीने दुहेरी पोकळ भिंतीऐवजी एकेरी भिंतीची रिम काढली. ती दगडावर आपटली की जागच्या जागी किंचित पिळली जाते. न वाकणाऱ्याला थोडे लवायला शिकवण्याचाच हा प्रयत्न!

माठ आणि चाक

मागच्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. लहानशा कचेरीत नोकरी, पण रविवार डोंगरात. शर्यतीत वापरलेल्या कार्बन चाकांची जोडी त्याला निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती. “सर, वर्षभराची शिल्लक आहे. घ्यावी का? वरून तर नवी दिसते.”

मी म्हटले, “अरे, नवी दिसते हीच तर अडचण. लोखंडाची असती तर तिचे पूर्वायुष्य तिच्या अंगावर वाचता आले असते.”

विकणारा भला होता. त्याने जोडी दोन दिवस पाहायला दिली. आम्ही ती आमच्या नेहमीच्या सायकल दुकानात नेली. तेथल्या वयस्कर मिस्त्रींनी आयुष्यभर पोलादी चाकांचे आउट काढले. कार्बन त्यांनी क्वचितच हाताळला होता. त्यांनी टायर उतरवले, रिम फडक्याने पुसली, खिशातून रुपयाचे नाणे काढले आणि हलक्या हाताने रिमेवर ठोकत सावकाश चाक फिरवू लागले.

“हे काय, काका?” मुलाने विचारले.

“माठ घेताना काय करता?” मिस्त्री म्हणाले.

टण, टण, टण असा कोरडा, स्वच्छ आवाज येत होता. तारेच्या भोकापाशी तो थोडा बदले, पण प्रत्येक भोकापाशी सारखाच बदले. मग एका चिकटवलेल्या नावाच्या पट्टीवर नाणे पडले आणि आवाज आला ‘थप्’. पुन्हा ठोकले, पुन्हा ‘थप्’. विकणाऱ्याला फोनवर विचारून पट्टी सोलली. खाली कडेलगत केसाएवढी, बोटभर लांबीची रेघ होती. विकणाऱ्याला तिची कल्पना नव्हती, आणि मला वाटते तो खरेच बोलत होता. चाकाने त्याला सांगितलेच नव्हते.

नाणे ठोकून पाहण्याची ही परीक्षा केवळ माठाची नव्हे. विमानाच्या संमिश्र भागांतले सुटलेले थर शोधण्यासाठी तंत्रज्ञही हीच रीत वापरतात. ती अर्थात अंतिम नव्हे. आवाज स्वच्छ आला म्हणजे चाक निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र मिळाले असे नाही. पण आवाज बद्द आला, तर ते चाक घेऊ नये एवढे निश्चित.

वापरणाऱ्याने काय पाहावे

ज्यांच्याकडे अशी चाके आहेत किंवा ज्यांना घ्यायची आहेत, त्यांनी दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हवा दर वेळी मापकाने मोजून भरावी. अंगठ्याने दाबून पाहणे येथे चालत नाही. मोठा आघात बसल्याचे जाणवले, तर त्याच दिवशी टायर उतरवून रिमेची आतली कडही पाहावी. सावकाश हवा निघू लागली किंवा एखादी तार विनाकारण ढिली सापडली, तर ती सूचना समजावी. हे चाक फार कमी बोलते, म्हणून ते बोलेल तेवढे ऐकलेच पाहिजे.

आपल्या पावसाळ्यासाठी आणखी एक गोष्ट. तारा रिमेला धरून ठेवणारी निपले काही वेळा वजन वाचवण्यासाठी अॅल्युमिनियमची असतात. कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून ओले राहिले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम कुरतडले जाते. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका. अशा मुलखात पितळेची निपले मागून घ्यावीत. दोन्ही चाकांत मिळून काही ग्रॅम वाढतील, पण तारा जागेवर राहतील.

आता हमीविषयी. २०१० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या सँटा क्रूझ कंपनीने ‘रिझर्व्ह’ नावाची कार्बनची चाके आजीवन हमीने विकायला काढली आणि इतर कंपन्यांनाही त्या वाटेने जावे लागले. ही हमी मोलाची आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. ‘हे चाक कधी मोडणार नाही’ असे ती म्हणत नाही. ‘मोडले तर दुसरे देऊ’ असे म्हणते. शिवाय ती बहुधा पहिल्या खरेदीदारापुरतीच असते. त्यामुळे जुनी जोडी घेणाऱ्याच्या हाती बहुधा हमी नाही आणि पूर्वेतिहासही नाही, अशी स्थिती होते.

मोडलेल्या चाकाचे काय होते, हाही प्रश्न आहेच. अॅल्युमिनियमची रिम भंगारवाला आनंदाने नेतो. ती वितळून पुन्हा कामाला येते. इपॉक्सी एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. राळ जाळून धागे सोडवता येतात, पण ते आखूड आणि दुय्यम कामाचे उरतात. यावर उपाय म्हणून पुन्हा वितळू शकणाऱ्या नायलॉनच्या जातीच्या राळेत कार्बन बसवण्याचे प्रयोग झाले. अमेरिकेतल्या रेव्हेल कंपनीने २०१९ मध्ये अशा पदार्थाची माउंटन बाइकची चाके विक्रीला आणली. वाट योग्य आहे. किंमत सामान्यांच्या आवाक्यात येईल तेव्हा खरे.

टिकाऊपणाचे तीन प्रश्न

तेव्हा ‘टिकते का?’ या एका प्रश्नाच्या पोटात खरे तर तीन प्रश्न आहेत. किती भार सोसते? किती वेळा सोसते? आणि मोडण्यापूर्वी सांगते का? पहिल्या दोन प्रश्नांत चांगल्या कारखान्याचे कार्बनचे चाक वरच्या वर्गात पास होते. तिसऱ्यात अॅल्युमिनियम त्याला मागे टाकते.

ज्याच्यामागे मिस्त्री आहे, सुटे भाग आहेत आणि शर्यतीत एकेक सेकंद मोलाचा आहे, त्याने कार्बन अवश्य घ्यावा. ज्याला एकट्याने सायकलवर स्पितीला जायचे आहे, जेथे दुकान सोडा, माणूस दिसायला दोन तास लागतात, त्याने अॅल्युमिनियमची रिम आणि बत्तीस साध्या तारा घ्याव्यात. वाकले तर दगडावर ठेवून, गुडघ्याने दाबून, निदान गावापर्यंत पोहोचण्यापुरते ते सरळ करता येईल. आमच्या त्या विद्यार्थ्याने शेवटी अशीच जोडी घेतली आणि उरलेल्या पैशांतून चांगले शिरस्त्राण घेतले.

बाणेदारपणा ही माणसाच्या ठायी मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. पण ज्याच्या भरवशावर आपण डोंगर उतरतो, त्याने वेळेवर थोडे वाकावे. आणि वाकता येत नसेल, तर आपण तरी त्याला अधूनमधून वाजवून पाहावे.